दोन मिनिटांचे नाट्य

पाच मीटर रुंद आणि चार मीटर खोल अशा आखलेल्या जागेत, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या मुदतीत, शाळकरी मुलांनी स्वतः जोडलेल्या यंत्रांनी प्रेक्षकांसमोर एखादी कथा, एखादे नृत्य किंवा एखादा विनोदी प्रवेश सादर करावा, आणि प्रयोग चालू असताना मुलांनी त्या यंत्रांना आधी ठरविल्यावाचून हात लावू नये की दूरनियंत्रकाने चालवू नये, ही अट ऐकावयास जितकी सरळ तितकीच पाळावयास अवघड आहे. ‘रोबोकपज्युनिअर’ या जागतिक शालेय स्पर्धेच्या ‘ऑनस्टेज’ नावाच्या विभागाची ही मूळ अट. स्पर्धकांचे वय एकोणीसपर्यंतचे, संघ मोजक्या मुलांचा. मांडामांड, प्रस्तावना आणि प्रत्यक्ष प्रयोग हे सारे मिळून मंचावर पाच मिनिटे. आणि त्या पाच मिनिटांसाठी मागे कित्येक महिन्यांची खटपट.

या विभागाचे मूळ घराणे मात्र नाटकाचे नसून फुटबॉलचे आहे. १९९७ साली जपानमधील नागोया शहरी ‘रोबोकप’ची पहिली स्पर्धा भरली. एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे २०५० च्या सुमारास, मनुष्याकृती यंत्रांच्या संघाने त्या वेळच्या जगज्जेत्या मानवी फुटबॉल संघाला, फुटबॉलच्या अधिकृत नियमांबरहुकूम खेळून, हरवावे, असे अचाट ध्येय तिच्या प्रवर्तकांनी आपल्यापुढे ठेवले होते. पुढच्याच वर्षी पॅरिस येथे डेन्मार्कचे संशोधक हेन्रिक हाउटोप लुंड यांनी मुलांना हाताळता येईल अशा छोट्या यंत्रांच्या फुटबॉलचे प्रात्यक्षिक घडवून आणले, आणि २००० साली मेलबर्न येथे मुलांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा रीतसर पार पडली. त्या स्पर्धेत फुटबॉलच्या जोडीने नृत्याचाही विभाग होता. फुटबॉलमध्ये चेंडू शोधावा लागतो, प्रतिस्पर्धी ओळखावा लागतो, आणि आपले यंत्र दुसऱ्याहून दुबळे निघाले तर चार-दोन मिनिटांत त्याची शोभा होते. नृत्यात मात्र एकच यंत्र, चार चाली आणि एखादे आवडते गाणे एवढ्या भांडवलावर दहा वर्षांच्या मुलालाही उभे राहता येते, हा त्यामागचा व्यवहारी विचार. २०१६ च्या सुमारास या विभागाला ‘ऑनस्टेज’चे रूप मिळाले आणि नाट्य, प्रहसन, कथाकथन यांनाही दार पुरते मोकळे झाले. तोवर ज्याला वडीलधारे लोक पोराटोरांची पहिली पायरी समजत होते, त्या विभागातला मूळ प्रश्न फुटबॉलच्या प्रश्नाहून सोपा नाही, हे जाणत्यांच्या ध्यानात येऊन चुकले होते.

तो प्रश्न समजून घ्यावयाचा तर आरंभीच्या मुलांच्या हाती काय साधने होती ते पाहिले पाहिजे. १९९८ साली लेगो या खेळणी करणाऱ्या डॅनिश कंपनीने ‘माइंडस्टॉर्म्स’ नावाचा संच बाजारात आणला. हे नाव गणितज्ञ आणि शिक्षणचिंतक सीमोर पॅपर्ट यांच्या १९८० सालच्या ग्रंथावरून घेतलेले होते. या संचातील पिवळ्या रंगाच्या नियंत्रकाला तीन मोटरी आणि तीन सेन्सर जोडता येत, आणि त्याचा सारा संसार सहा सेलांवर चाले. मोटर किती फिरली हे मात्र तिचे तिला कळत नसे. साहजिकच मुले यंत्राला काळाच्या हिशेबाने हुकूम देत: तीन सेकंद पुढे जा, अर्धा सेकंद डावीकडे वळ, दोन सेकंद थांब. घरच्या फरशीवर हे नृत्य सुरेख बसे. परंतु दीड व्होल्टचे सहा नवे सेल मिळून जे नऊ व्होल्ट भरतात ते तासाभराच्या तालमीनंतर नऊ राहत नाहीत. दाब उतरला की मोटर मंदावते, आणि सकाळी जे तीन सेकंद यंत्राला मंचाच्या मध्यावर नेऊन सोडत होते तेच तीन सेकंद दुपारी त्याला वीतभर अलीकडे सोडतात. उलट, काळजीवाहू पालकांनी ऐन प्रयोगाच्या तोंडावर नवे सेल घातले तर यंत्र उधळते. २००६ साली आलेल्या पुढच्या संचात मोटरीच्या पोटातच फेऱ्या मोजणारी सोय झाली. तेव्हा मुलांना सेकंदांऐवजी अंशांत आणि सेंटिमीटरांत बोलता येऊ लागले, आणि सेलांची ही तक्रार बरीचशी मिटली.

बरीचशी म्हणण्याचे कारण असे, की चाक किती फिरले हे कळले म्हणजे यंत्र किती सरकले हे कळलेच असे होत नाही. दोन चाकांमध्ये बारा सेंटिमीटर अंतर असलेले एक छोटे यंत्र घ्या. वळताना त्याचे एक चाक जमिनीवर अवघे चार मिलिमीटर घसरले, तर यंत्राचे तोंड दोन अंशांनी फिरते. दोन अंश डोळ्यांना जाणवतही नाहीत. पण त्या तोंडाने तीन मीटर सरळ चालून गेलेले यंत्र ठरल्या जागेपासून दहा सेंटिमीटर बाजूला पोहोचते, आणि तेथे त्याने दुसऱ्या यंत्राच्या हातून फूल घ्यावयाचे असेल तर ते फूल हवेतच राहते. मंच लाकडी फळ्यांचा असतो आणि फळ्यांच्या सांध्यांत तीन मिलिमीटरपर्यंत फट किंवा उंचवटा असू शकतो, त्याची तयारी संघांनी ठेवावी, असे नियमावलीत आगाऊ नमूद करून ठेवलेले आहे. हे तीन मिलिमीटर आणि वरचे चार मिलिमीटर शेजारीशेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या रूक्ष कलमामागे किती पोरांचे अश्रू असतील याची कल्पना येते. पुन्हा या चुका एकमेकींची भरपाई करीत नाहीत. त्या साचत जातात. पहिल्या वळणाची चूक दुसऱ्या वळणाच्या पोटात जाते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि संगीत मात्र कोणासाठी खोळंबत नाही.

येथे आपण एका फार जुन्या नाटकवाल्याकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत हेरॉन नावाचा यंत्रवेत्ता होऊन गेला. त्याने स्वयंचलित रंगभूमीवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला असून तो उपलब्ध आहे. त्याने वर्णिलेले एक नाट्ययंत्र आपल्या चाकांवर आपण होऊन पुढे सरकते, नेमल्या जागी थांबते, तेथे डायोनिसस देवतेच्या पुढ्यातील वेदीवर अग्नी पेटतो, देवाच्या हातातल्या पात्रातून मद्य आणि दंडातून दूध वाहू लागते, झांजा-ढोलांच्या आवाजात भक्तिणी देवळाभोवती फेर धरतात, आणि अखेरीस सारा देखावा आल्या वाटेने परत जातो. या साऱ्याची शक्ती एका शिशाच्या वजनात होती. ते वजन धान्याने भरलेल्या नळीत टेकलेले असे; नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून दाणे गळत जात तसे ते सावकाश खाली उतरे आणि आपल्याबरोबर दोरी ओढून घेई. दोरी आसाला गुंडाळलेली असे. आसावरच्या खुंटीला वळसा घालून ती उलट दिशेने गुंडाळली की यंत्र मागे फिरे, आणि मध्येच तिचा काही भाग सैल सोडला की तेवढा वेळ यंत्र स्तब्ध उभे राही. म्हणजे पुढे जाणे, थांबणे आणि परत फिरणे हे तिन्ही हुकूम दोरीच्या गुंडाळीतच लिहून ठेवलेले होते. आजच्या भाषेत तो प्रोग्रामच होय.

हेरॉनची दोरी आणि सेकंद मोजून नाचणारे मुलांचे यंत्र यांच्यात एकोणीस शतकांचे अंतर असले तरी दोघांची जात एकच आहे. दोघांनाही आपला पाठ तोंडपाठ आहे. दोघांनाही भोवताली काय घडत आहे याचा पत्ता नाही. हेरॉनला याची पुरती जाणीव असावी. यंत्र ज्या जमिनीवरून जावयाचे ती कठीण, सपाट आणि समतल असावी, आणि तशी नसेल तर फळ्या अंथरून त्यांवर खाचा कराव्यात, असे तो बजावतो. मंच निर्दोष केला की यंत्राला आंधळे राहण्याची मुभा मिळते. ‘ऑनस्टेज’मध्ये मुलांना मंच बदलण्याचा अधिकार नाही. बदलावयाचे ते यंत्र. पाठ म्हणणाऱ्या यंत्राला ऐकणारे आणि पाहणारे पात्र करणे, हाच माझ्या मते या विभागाचा खरा अभ्यासक्रम आहे. पोशाख, प्रकाश आणि पडदे यांनी दिपून जाणाऱ्या प्रेक्षकाला तो सहसा दिसत नाही.

उदाहरणादाखल एक प्रवेश कल्पू. वेशीपाशी पहारेकरी झोपलेला आहे. हा एक रोबो. दुसरा रोबो हातात कंदील घेऊन डावीकडून येतो, पहारेकऱ्यासमोर थांबतो, पहारेकरी दचकून उठतो आणि विचारतो, “कोण आहे रे तिकडे?” हे बसविण्याची पहिली रीत घड्याळाची. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू करावीत, कंदीलवाल्याने चाळिसाव्या सेकंदाला पोहोचावे आणि पहारेकऱ्याने बेचाळिसाव्या सेकंदाला उठावे. फळीच्या सांध्यात चाक अडून कंदीलवाल्याला चार सेकंद उशीर झाला, तर पहारेकरी काळोखाला दरडावतो आणि प्रेक्षागृह नको तेथे हसते. दुसरी रीत अशी, की पहारेकऱ्याच्या कपाळावर प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवावा आणि कंदिलाचा उजेड त्यावर पडेपर्यंत त्याने झोपावे. आता चार सेकंदांचा उशीर झाला तर पहारेकरी चार सेकंद अधिक झोपतो, इतकेच. उशीर झाला हे प्रेक्षकाला कळतही नाही. मुले याला ‘क्यू’ देणे म्हणतात, नाटकवालेही तेच म्हणतात, आणि दोघांच्याही मनात एकच गोष्ट असते.

पण मग कंदीलवाला आलाच नाही तर? चाक निखळले, संदेश पोहोचला नाही, दिवा विझला. तर पहारेकरी पडदा पडेपर्यंत झोपूनच राहील. तिसरी रीत येथून सुरू होते. उजेडाची वाट दहा सेकंद पाहावी; तेवढ्यात तो आला नाही तर पहारेकऱ्याने आपण होऊन उठावे, जांभई द्यावी आणि कंदील नसतानाही प्रसंगाला शोभेल असे काही बोलून कथा पुढच्या प्रवेशावर न्यावी. विंगेतून यावयाचे पात्र वेळेवर आले नाही म्हणून मंचावरच्या नटाने पदरचे चार शब्द घालून वेळ निभावून नेल्याच्या हकिकती मराठी रंगभूमीवर चवीने सांगितल्या जातात. त्या नटाला ते त्या क्षणी सुचलेले असते. यंत्राला त्या क्षणी काही सुचत नाही, म्हणून मुलांना ते तीन महिने आधी सुचावे लागते. कोणते पात्र कोठे कशाची वाट पाहते, किती वेळ पाहते, वाट फळली तर कोठे जाते आणि न फळली तर कोठे, याचा नकाशा कागदावर काढल्याखेरीज असा प्रयोग बसतच नाही. संगणकशास्त्रात अशा नकाशाला अवस्थांचा आराखडा म्हणतात. तेरा-चौदा वर्षांची मुले तो शास्त्राचे नाव ठाऊक नसतानाही काढतात, कारण नाटकाला तो हवा असतो.

सेन्सर बसविला म्हणून गाऱ्हाणी संपतात असे मात्र नव्हे. शाळेच्या खोलीत कंदील ओळखणारा सेन्सर मंचावरच्या दिव्यांत सगळ्यांनाच कंदील समजतो. आवाज टिपून ठेका ओळखणारे यंत्र प्रेक्षकांच्या टाळ्यांवर नाचू लागते. एकमेकांशी बिनतारी संदेशांनी बोलणारी यंत्रे, शेकडो मुलांची उपकरणे त्याच सभागृहात त्याच लहरींवर बोलत असल्यामुळे, बाजारात हाका मारणाऱ्या माणसांसारखी एकमेकांना ऐकू येईनाशी होतात. यावर एकेक तोड निघालेली आहे. तालमीसाठी मंच मिळतो त्या थोडक्या वेळात आधी सेन्सरने जमिनीचा, हद्दीच्या टेपेचा आणि दिव्याचा उजेड मोजून घ्यावयाचा, त्या आकड्यांच्या मधोमध रेघ ओढावयाची, आणि प्रोग्राममधली जुनी रेघ पुसून नवी घालावयाची. जाणते संघ तालमीचा पहिला वेळ नाचण्यात घालवीत नाहीत, मोजण्यात घालवितात. अलीकडे कॅमेरा आणि छापील चौकोनी खुणा वापरून मंचावरची आपली जागा स्वतः शोधणारी यंत्रेही मुले करू लागली आहेत. दहा सेंटिमीटरांची जी चूक वर सांगितली ती अशा यंत्राकडूनही होते. मात्र खूण दिसली की ते ती सुधारून घेते आणि चुका साचू देत नाही.

प्रयोग हा स्पर्धेचा अर्धाच भाग. दुसरा भाग बंद दालनात, परीक्षकांसमोर घडतो, आणि त्याचे स्वरूप जबानीचे असते. यंत्र टेबलावर ठेवलेले, प्रोग्राम उघडलेला, आणि परीक्षक विचारतात: हा सेन्सर येथेच का, हा आकडा कोठून आला, हा भाग कोणी लिहिला, तो चालला नाही तेव्हा काय केलेत? संघातल्या प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या कामाची कैफियत देता आली पाहिजे. मार्गदर्शक शिक्षकांना आणि पालकांना मुलांच्या कामाच्या जागी प्रवेश नसतो. ही तरतूद कोणाच्या अनुभवातून आली असेल हे आपल्याकडची विज्ञानप्रदर्शने पाहिलेल्यांना सांगावयास नको. आमच्या पुरुषोत्तम करंडक या नाट्यस्पर्धेत एकांकिका संपली की दिग्दर्शकाला बोलावून हा प्रवेश असाच का बसविलास याची उलटतपासणी घेण्याची चाल नाही. येथे ती आहे, आणि तिला भरघोस गुण आहेत. त्यामुळे कला मागे पडते, अशी एक तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी नाही. सुंदर पोशाखाखाली सेन्सर झाकला जातो म्हणून पोशाखच कापला जातो. भव्य पण आंधळ्या देखाव्यापेक्षा एखादे ओबडधोबड पण सावध यंत्र वर जाते. पण मला हा पक्षपात न्याय्य वाटतो, कारण पोशाख विकत आणता येतो.

यंत्राविषयी सारे काही उघड सांगण्याची ही सक्तीही लक्ष देण्याजोगी आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील वास्तुशास्त्रीय ग्रंथात यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात नाचणाऱ्या, वाद्ये वाजविणाऱ्या आणि दारावर पहारा करणाऱ्या लाकडी पुतळ्यांचा उल्लेख येतो. मात्र त्यांची घडण सविस्तर सांगितलेली नाही, आणि ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, असा खुलासा ग्रंथकारच करून ठेवतो. परिणामी ते पुतळे कसे नाचत हे आज खात्रीने सांगणे शक्य नाही. ‘ऑनस्टेज’मध्ये प्रत्येक संघाने आपल्या यंत्राची रचना, अडचणी आणि उपाय मांडणारा तक्ता भिंतीवर लावावयाचा असतो, आणि तो प्रतिस्पर्ध्यांनीही वाचावा अशी अपेक्षा असते. भोजाच्या सुतारांना हा प्रकार वेडगळपणाचा वाटला असता.

प्रयोग बिघडला तर काय, यालाही कलम आहे. यंत्र रुसले तर संघाला मंचाच्या मुदतीत पुन्हा आरंभ करण्याची मुभा असते. त्याबद्दल गुण कापले जातात. आखलेली हद्द ओलांडली तरी कापले जातात, आणि न ठरविता यंत्राला हात लावला तरी. मुलांनी स्वतः यंत्रांबरोबर नाचावयास वा अभिनय करावयास मात्र हरकत नाही. परीक्षकांची नजर मनुष्यावर नसून यंत्रावर असते, एवढे ध्यानात ठेवावे. १९२१ साली प्राग येथे कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक आले तेव्हा माणसांनी रोबोंची सोंगे वठविली होती. शंभर वर्षांत भूमिकांची अशी अदलाबदल झाली आहे.

एक गोष्ट अभ्यासकांनी प्रारंभापासून टिपलेली आहे: फुटबॉलच्या मानाने या विभागात मुलींची संख्या अधिक असते. त्याचे कारण मुलींना नाच आवडतो, असे जे सरसकट सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. फुटबॉलमध्ये यंत्राने काय साधावयाचे हे आधीच ठरलेले असते. येथे ते ठरविण्यापासून काम सुरू होते, आणि ज्या मुलीला मोटरीत रस आहे की नाही हे तिलाच अजून ठाऊक नसते, ती आपल्या गोष्टीतल्या पाखराने पंख मिटावेत म्हणून मोटर उघडून बसते.

आंतरराष्ट्रीय फेरीत आणखी एक टप्पा असतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. निरनिराळ्या देशांतले दोन-तीन संघ एकत्र बांधून त्यांचा एक ‘सुपरटीम’ केला जातो, आणि थोडक्या अवधीत त्यांनी आपापल्या यंत्रांसह एकच सामायिक प्रयोग उभा करावयाचा असतो. मुलांना एकमेकांची भाषा येत नाही, हे हातवाऱ्यांनी आणि चित्रांनी निभावते. यंत्रांचे तसे होत नाही. एकाचा बिनतारी संदेश दुसऱ्याच्या नियंत्रकाला उमजेलच अशी शाश्वती नसते, आणि दोन्ही प्रोग्राम नव्याने लिहावयास वेळ नसतो. अशा वेळी सर्वांत जुने मार्ग कामी येतात. एका यंत्राने दुसऱ्यासमोर दिवा लावावा, ठरावीक उंचीचा सूर वाजवावा, किंवा सरळ जाऊन त्याच्या पुढच्या कळीला धक्का द्यावा. प्रकाश, नाद आणि स्पर्श ओळखणारा एखादा सेन्सर बहुतेकांपाशी असतोच. मग कोणाचे यंत्र आधी हलावयाचे, कोणी कोणाची किती वेळ वाट पाहावयाची आणि तो आलाच नाही तर काय करावयाचे, एवढेच ठरवावयाचे उरते. आणि ते ठरविताना मुले पुन्हा एकदा कागदावर तोच अवस्थांचा आराखडा काढू लागतात, या खेपेस दोन-तीन भाषांत मजकूर लिहून.